शेवटच्या डबलडेकरचं 'डिजिटल तिकीट': विकू द्यावं की नाही?

वडाळा डेपो

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक झालाय, सांभाळून घ्या. एकतीस वर्षं "पुढे चला, पुढे चला" ओरडण्यात गेली, त्यामुळे थोडक्यात बोलायची सवय नाही.

बेस्टमध्ये कंडक्टर होतो, २०१९ ला निवृत्त झालो. आमचा बसप्रेमींचा एक ग्रुप आहे. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर होता, माणसं वाढली तसा इंजिनीअरिंगला असलेल्या एका पोरानं तो डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या अ‍ॅपवर नेला. आता साडेआठशे माणसं आहेत, त्यातली बोलणारी चाळीस-पन्नास. मला अ‍ॅडमिन केलंय ते वयाकडे बघून, अकलेकडे बघून नव्हे.

१५ सप्टेंबर २०२३ ला साध्या, बिनएसीच्या डबलडेकरचा शेवटचा दिवस होता. १९३७ पासून मुंबईच्या रस्त्यावर असलेली गाडी. आम्ही ग्रुपमधले ५७ जण अंधेरी पूर्वेला जमलो. वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी बसायला पन्नाशीची माणसं शाळकरी पोरांसारखी भांडली. डबलडेकरला दोन कंडक्टर असायचे, एक खाली, एक वर. माझी बरीचशी नोकरी 'वरचा' म्हणून झाली. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वर बसून होतो आणि तिकीट दुसरा फाडत होता. असो.

इंजिनीअर पोराच्या डोक्यात आलं की या ५७ जणांना एक डिजिटल तिकीट द्यायचं. ग्रुपमधल्या एका ताईंनी चित्र काढलं. जुन्या कागदी तिकिटाचा पातळ कागद, वर नंबर, टप्प्यांचे आकडे, आणि पंच केलेलं गोल भोक. भोक पंधराव्या टप्प्यावर, कारण तारीख १५. पोरानं ते ब्लॉकचेनवर चढवलं, म्हणजे कुठलं तिकीट कुणाचं याची सगळ्या जगाला दिसणारी आणि कुणाला खाडाखोड न करता येणारी वही. मला पटवायला म्हणाला, "काका, २०२१ ला क्रिस्टीजच्या लिलावात अशाच एका डिजिटल चित्राला सहा कोटी नव्वद लाख डॉलरच्या वर किंमत आली, आणि घेणारा मूळचा तामिळनाडूचा." मी म्हटलं, आपल्याला चहाचे पैसे सुटले तरी बस. मग म्हणाला, "आधी 'मुंबई'वर टाकून बघतो, नीट चाललं तर खऱ्यावर." मला वाटलं थट्टा करतोय. पण त्या पॉलिगॉन नावाच्या जाळ्याच्या चाचणीच्या जागेचं नावच 'मुंबई' होतं! पुढे २०२४ च्या एप्रिलमध्ये ती मुंबई बंद केली, तिच्या जागी चीनमधल्या कुठल्याशा शहराच्या नावाची नवी आधीच उघडली होती. आमची तिकिटं खऱ्या जाळ्यावर होती म्हणून वाचली.

तिकीट ज्याच्या फोनमधल्या डिजिटल पाकिटात, त्याचं नाव ग्रुपमध्ये लाल रंगात दिसतं आणि त्याला 'वरचा मजला' नावाच्या वेगळ्या खोलीत बसता येतं. खोली कसली, गप्पांचा अड्डा. पण तिथे जे बोललं जातं ते खाली बोललं जात नाही. कुणाच्या वडिलांचं आजारपण, कुणाची नोकरी गेली, मध्येच एखादा जुन्या ३५१ नंबरच्या बसचा फोटो. दोन जणांची लग्नंही त्या खोलीत जमली असा माझा संशय आहे.

आता झालंय असं. पुण्याचे एक गृहस्थ, ग्रुपमध्ये गेल्या वर्षी आले, माणूस सज्जन. त्यांनी डोंबिवलीच्या एका पोराला त्याच्या ४४ नंबरच्या तिकिटाचे तीन हजार देऊ केले. पोराला फोन घ्यायचाय, त्याला पैसे हवेत. ग्रुपमध्ये दोन तट पडले. एक म्हणतो, त्याचं तिकीट, त्यानं विकावं नाहीतर जाळावं. दुसरा म्हणतो, एक विकलं की उरलेल्या ५६ जणांच्या तिकिटाची माती झाली. चार दिवस नुसता कल्ला चाललाय.

मला मुळात कळत नाही की यात तीन हजारांचं आहे काय? माझ्या माळ्यावर खऱ्या कागदी तिकिटांची पिशवी आहे. रद्दीवाला किलोवर घेईल. ७८६ नंबरवालं एखादं निघालं तर कुणी शंभर-दोनशे देईल, ते पण हौस असेल तर.

अजून एक सांगायचं राहिलं. नंबर १ चं तिकीट आम्ही माझ्या जुन्या ड्रायव्हरला दिलं होतं. नऊ वर्षं आम्ही एका गाडीवर काढली. पाकीट उघडायला जे बारा शब्द लागतात, ते त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले. जानेवारीत सुनेनं नवं कॅलेंडर लावलं, जुनं रद्दीत गेलं, आणि मग फोन बदलला. आता नंबर १ चं तिकीट सगळ्या जगाला दिसतं, पण त्याला हात कुणालाच लावता येत नाही. त्यालासुद्धा नाही.

तर सांगा, विकू द्यावं का? आणि पुढच्या वेळी अशी वस्तू काढली तर ती विकताच येणार नाही अशी काढावी का? पोरगा म्हणतो तसंही करता येतं.

---

कल्याण_फास्ट

काका, आधी दंडवत. 'वरचा' कंडक्टर ही पोस्ट होती हेच मला आज कळलं.

माझा अनुभव गेमचा आहे, पण मामला तोच. बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये एक्स-सूट म्हणून झगमगीत पोशाख मिळतात, त्यावर लोक हजारो रुपये घालवतात. आणि एक कॉन्कररची चौकट असते, ती सर्व्हरच्या वरच्या पाचशेत आलात तरच. लॉबीत एक्स-सूटवाला आला की आमच्यातला कुणीतरी म्हणतो, "पप्पांचं कार्ड आलं." चौकटवाला आला की माइक बंद करून सगळे त्याच्या मागे चालतात. दोन्ही चित्रंच आहेत. फरक एवढाच की एकाकडे बघून पैसा दिसतो, दुसऱ्याकडे बघून जागलेल्या रात्री दिसतात. (माझी एक एटीकेटी याच चौकटीच्या नादात आहे, पण तो वेगळा धागा होईल.)

आता 'विकताच येणार नाही असं काढू' याबद्दल. ती चौकट विकता येत नाही ना? तर पोरं अख्खं अकाउंट विकतात. बिल्ला विकता येत नसेल तर सदऱ्यासकट विकायचा! विकत घेणारा मग चौकट लावून येतो आणि पहिल्याच मॅचमध्ये दोन मिनिटांत गारद होतो. तेव्हा सगळ्यांना कळतं. म्हणजे शेवटी राखण सॉफ्टवेअर करत नाही, शेजारी बसलेली पोरं करतात.

उलट बाजूही सांगतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१३ पासून बंदुकांच्या स्किनचा, म्हणजे रंगीत वेष्टनांचा, रीतसर बाजार आहे. माझ्या मित्रानं एक चाकू गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवला होता, आम्हाला हातसुद्धा लावू देत नव्हता. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीनं नियम बदलला, 'लाल' दर्जाच्या पाच स्किन देऊन चाकू मिळायला लागला, आणि चाकूंचे भाव एका रात्रीत कोसळले. मित्र आठवडाभर जेवायला नीट बसला नाही. आता तोच चाकू घेऊन तो रोज आमच्याबरोबर खेळतो. मला विचाराल तर चाकूचा उपयोग तेव्हापासून सुरू झाला.

---

तिरकस

मी स्पष्टच बोलतो. स्क्रीनशॉट काढला की माझ्याकडेही ४४ नंबरचं तिकीट आलं. फुकट.

२०२१ मध्ये माकडांच्या दहा हजार चित्रांचा 'क्लब' निघाला, नट-खेळाडूंनी घेतली. २०२२ च्या जानेवारीत ट्विटरनं अशा चित्रांसाठी प्रोफाइलला षटकोनी चौकट दिली, म्हणजे खरं माकड आणि स्क्रीनशॉटचं माकड वेगळं दिसावं. पैसे भरणाऱ्यांनाच हं. दोन वर्षांनी ती सोय गेली. आता सांगा, षटकोनाची प्रतिष्ठा कुणाच्या हातात होती? घरमालकाच्या. तुमचा 'वरचा मजला' पण डिस्कॉर्डच्या जागेवर भाड्यानं आहे. ब्लॉकचेनवर तिकीट अमर आहे म्हणे, पण उद्या गाडीच नसेल तर तिकीट घेऊन करायचं काय?

---

वडाळा डेपो

तिरकसराव, गाडी नाहीच आहे हो. गाडी गेली म्हणून तर तिकीट काढलं.

स्क्रीनशॉटचं म्हणाल, तर टीसीला झेरॉक्स दाखवून बघा एकदा. पण तुमचं भाड्याचं म्हणणं मनाला लागलं. इंजिनीअरला विचारलं. तो म्हणतो, डिस्कॉर्ड बंद पडलं तरी कोणाकोणाकडे तिकीट आहे ती यादी राहील, तिच्यावरून दुसरीकडे खोली उघडता येईल. मी म्हटलं, ती ५७ नावं माझ्या वहीतपण आहेत. तो गप्प बसला.

---

परळ गल्ली

काका, हा प्रश्न आमच्याकडे वीस वर्षांपूर्वी येऊन गेलाय, फक्त तेव्हा त्याला डिजिटल म्हणत नव्हते.

मी एका मोठ्या सार्वजनिक गणपती मंडळात होतो. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, भाग ओळखीचा आहे. आमच्याकडे दोन प्रकारचे बिल्ले असायचे. देणगीदारांना एक, कार्यकर्त्यांना एक. देणगीदाराचा चांगला जाड, सोनेरी काठाचा. आमचा साधा, कापडी फितीचा, घामानं दोन दिवसांत रंग जाणारा. तरी अख्ख्या गल्लीत मान कुठल्याला? फितीवाल्याला. कारण फीत मिळवायला जुलैपासून मांडवाचे बांबू उचलायला लागायचे, वर्गणीच्या पावत्या घेऊन चार-चार मजले चढायला लागायचे. विसर्जनानंतर तो बिल्ला कपाटाच्या दाराला आतून लटकवायचा. माझ्याकडे अकरा आहेत. बायको म्हणते देव्हाऱ्यात तरी ठेवा नाहीतर टाका तरी.

एका वर्षी काय झालं, फितीवाल्याला रांगेशिवाय दर्शनाला सोडतात हे बाहेर कळलं. दोघा-तिघांनी बिल्ले विकले. भाव काय आला ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही. पैशापेक्षा वाईट ते पुढे झालं. मांडवात कुणी अनोळखी फितीवाला दिसला की आम्ही त्याला विचारायला लागलो, "तू कुठला रे?" आधी फीत दिसली की हातात बादली द्यायचो, काही न विचारता. तो प्रश्न एकदा सुरू झाला की संपत नाही. पुढच्या वर्षीपासून बिल्ल्यावर फोटो आला, सही-शिक्का आला, आणि मजा गेली ती गेलीच.

तुमच्या लक्षात येतंय का बघा, भानगड बिल्ला विकल्यामुळे झाली नाही. बिल्ल्याला दर्शनाची रांग जोडली तेव्हाच ती पेरली गेली. नुसता फितीचा तुकडा कुणी विकतही घेतला नसता.

---

आकडेमोड

नमस्कार. मी सीए आहे, पार्ल्यात प्रॅक्टिस करते. भावनेचं तुम्ही सगळे बोललातच, मी कोरडं बोलते.

अशा डिजिटल वस्तू आपल्याकडे करापुरत्या 'आभासी डिजिटल मालमत्ता' धरल्या जातात. १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या विक्रीच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर, वर त्या करावर ४ टक्के उपकर. खरेदी किमतीशिवाय दुसरी वजावट नाही, आणि एकात तोटा झाला तर तो दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. त्या मुलाला तिकीट फुकट मिळालं, म्हणजे खरेदी किंमत शून्य. ३००० वर ९०० कर आणि ३६ रुपये उपकर. हातात राहिले २०६४. एवढ्यात फोन येत नाही, फार तर फोनचं कव्हर आणि काच. १ टक्का टीडीएस आहे, पण दोन साध्या माणसांमधला एवढा छोटा व्यवहार त्यात येत नाही.

'नुसतं ग्रुपचं तिकीट आहे हो, मालमत्ता कसली' हे म्हणणं टिकेल का? गिफ्ट कार्ड, रिवॉर्ड पॉइंट, वेबसाइट-अ‍ॅपची वर्गणी अशा काही गोष्टी सरकारनं २०२२ मध्येच अधिसूचना काढून वगळल्या आहेत. पण ब्लॉकचेनवर टोकन काढून ते विकलं, तर मी माझ्या अशिलाला कर भरायला सांगेन. कुणीही जेवढी हौस आहे तेवढीच ब्लॉकचेन वापरावी, एवढंच म्हणते. वहीतली ५७ नावं करमुक्त आहेत.

परळ गल्लीवाले दादा, अकरा बिल्ले टाकू नका.

---

लाल दुवा

मी मराठी विकिपीडियावर लिहिते. तिथल्या भाषेत लाल दुवा म्हणजे असा लेख, जो अजून कुणी लिहिलेला नाही. म्हणून हे नाव.

वरच्या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की वस्तू कमी असली तरच तिला मान. आमच्याकडे तसं नाही. विकिपीडियावर २००३ पासून 'बार्नस्टार' नावाची चांदणी एकमेकांना द्यायची रीत आहे. ती कुणीही कुणालाही देऊ शकतं, कितीही देऊ शकतं. काढायला पैसा लागत नाही, विकायला गिऱ्हाईक नाही. माझ्या पानावर चार आहेत. त्यातली तीन कुणी का दिली ते मला आता आठवतही नाही. चौथी एका ज्येष्ठ संपादकांनी दिली होती. मी कोकणातल्या खाड्यांवरचे लेख लिहीत होते आणि ते माझ्या प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घावर खेकसायचे. एक दिवस चांदणी आली, खाली एकच ओळ, "आता बरं लिहिता." ते गेल्याला तीन वर्षं झाली. त्यांच्या चर्चापानावर आता कुणी काही लिहीत नाही. ती ओळ मात्र माझ्या पानावर आहे, आणि कधी लेख अर्धवट सोडावासा वाटला की मी जाऊन बघते.

काका, तुम्ही नंबर १ ची गोष्ट प्रश्नाच्या शेवटी 'राहिलं' म्हणून लिहिलीत. तुमच्या ड्रायव्हरचं पाकीट बंद झालं, म्हणजे नियमानं त्यांना 'वरच्या मजल्या'वर येता यायला नको. येतात का?

---

वडाळा डेपो

ताई, येतो की! मास्तर म्हणतात त्याला सगळे. रोज सकाळी सहाला 'शुभ प्रभात'चं गुलाबाचं फूल टाकतो, सगळे शिव्या देतात. फोन बदलला तेव्हा त्याचं नाव काळं पडलं आणि तो बाहेर फेकला गेला. अर्ध्या तासात पंधरा जणांनी मला मेसेज केले, मास्तरला आत घ्या म्हणून. इंजिनीअरनं हातानं नाव लाल केलं. तिकीट कुणी विचारलं नाही. हे मीच केलं आणि चार दिवस ग्रुपमध्ये भांडणं चालू असताना मलाच आठवलं नाही, बघा.

काल रात्री झालेलं सांगतो. मी आणि इंजिनीअरनं तिकीट आणि खोली यांची गाठ सोडली. तिकीट ज्याचं त्याचं, विका, ठेवा, पुतण्याला द्या. खोलीत बसायचं ते वहीतल्या नावांनी. नवा माणूस घ्यायचा तर आतल्या कुणीतरी नाव सुचवायचं आणि बाकीच्यांनी हरकत घ्यायची नाही. परळ गल्लीवाल्यांनी रांगेचं लिहिलं ते वाचून हे सुचलं, त्यांचे आभार.

पुण्याच्या गृहस्थांना फोन करून हे सरळ सांगितलं. म्हटलं, तिकीट घ्या खुशाल, पण त्यानं वर जायला मिळणार नाही. ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तसं असेल तर अडीचशे देईन." म्हणजे हिशेब लागला. चित्राचे अडीचशे आणि आमच्या बडबडीचे पावणेतीन हजार. एकतीस वर्षांत कुणी माझ्या बडबडीला इतका भाव दिला नव्हता.

डोंबिवलीकर म्हणाला, अडीचशेला नाही विकत, राहू दे. फोनचं त्याचं आम्ही बघतोय. वरच्या मजल्यावर एकाकडे जुना चांगला हँडसेट पडून आहे.

आणि पुण्याच्या गृहस्थांना मी विचारलं, तुम्हाला एवढी ओढ का? तर लहानपणी ते मुंबईला आत्याकडे यायचे, सुट्टीत. माहीमहून डबलडेकरनं राणीच्या बागेला जायचे. कंडक्टर वर आला की आत्या सांगायची, हा बारा वर्षांच्या आतला आहे, आणि ते चौदाचे होते. म्हटलं, हे खालच्या मजल्यावर लिहा ना, सगळ्यांना वाचू दे. काल रात्री त्यांनी लिहिलं. बऱ्यापैकी लांब. आज सकाळी मास्तरनंच त्यांचं नाव सुचवलंय, हरकत अजून तरी कुणाची नाही. मी घेणार होतो एक, अर्ध्या तिकिटावर आलेल्या माणसाला वर कसा सोडायचा म्हणून.

बिल्ल्याबद्दल कल्याण_फास्टनं लिहिलं, म्हणून सांगतो. माझा पितळी बिल्ला होता छातीवर, नंबरचा. तो दुसऱ्याला लावायला देणं हा गुन्हा. सदऱ्यासकट विकायची आयडिया मात्र आमच्या काळात कुणाला सुचली नाही.

पुढचं चित्र ट्रामचं काढायचं ठरतंय. मुंबईत शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. त्या रात्री तिच्यात बसलेलं कुणी इथल्या कुणाच्या घरात असेल, आजी-आजोबा, शेजारी, कुणीही, तर कळवा. तिकीट जपलेलं असेल तर फोटो टाका. नंबर झाकू नका, नंबरच बघायचाय.